आवाज आई?

दौलतगंजात गजक कुटायला सुरुवात झाली की ग्वाल्हेरचा हिवाळा आला असं आम्ही समजतो, कॅलेंडर काहीही म्हणो. सकाळी कोहरा असतो. धुक्याला आम्ही मराठी माणसंही इथं कोहराच म्हणतो. समोरचं दुकान दिसत नाही, रस्ता ओलांडताना जीव मुठीत धरावा लागतो, आणि त्या पांढऱ्या पसाऱ्याच्या आतून कुठून तरी आवाज येतो, धप्प-धप्प, धप्प-धप्प. तीळ आणि गुळाचा गरम गोळा दोघं-तिघं मिळून लाकडी हातोड्यांनी कुटत असतात. नाक आणि कान यांच्या भरवशावर दुकान शोधायचं.

परवा यंदाचा पहिला धप्प-धप्प ऐकू आला आणि हातात मेथीची जुडी धरून मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. डोळे मिटले. डावीकडून की उजवीकडून? मागून ई-रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला आणि घरी सगळं ठीक आहे ना, अशी चौकशी केली. सगळं ठीक आहे. हा माझा दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात लागलेला नाद आहे आणि तो सुटेल असं वाटत नाही.

दोन कान कशाला असतात हे मला पस्तिसाव्या वर्षी कळलं. एक बिघडला तर दुसरा आहेच, अशी देवानं केलेली सोय असावी, असा माझा समज होता. पण आवाज कुठल्या बाजूनं आला हे एकट्या कानाला सांगता येत नाही, त्याला दुसऱ्याचं मत घ्यावं लागतं. मराठीत कानावर केवढं लिहून ठेवलंय! कान टवकारायचे, कान उपटायचे, कानाला खडा लावायचा, कानोसा घ्यायचा, एखादी गोष्ट कानाआड करायची. शाळेत 'वाक्यात उपयोग करा' म्हणून हे सगळं पाठ केलं होतं. जुई एका सकाळी रजईतून बाहेर येत म्हणाली की डाव्या कानात कापूस गेल्यासारखं वाटतंय, आणि मी ते कानाआड केलं.

जुई तेव्हा सात वर्षांची होती. सर्दी तर घरोघरी होती. मी वाफ दिली, सुंठ दिली, शाळेत पाठवलं. दुपारी आणायला गेले, फाटकाच्या डाव्या बाजूला उभी राहून हाक मारली, तर ही उजवीकडे बघत उभी. पुन्हा हाक मारली, पुन्हा उजवीकडे. मला वाटलं, चेष्टा करतेय. तिसऱ्या हाकेला तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते चेष्टेचं नव्हतं, म्हणून त्याच संध्याकाळी तिला इंदरगंजातल्या एका छोट्या क्लिनिकमध्ये कान तपासायला नेलं.

आता आधी एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या आसपासच्या मराठी घरांतून 'आई' कधीच हद्दपार झाली आहे. सगळीकडे मम्मी. मुलं मराठीत वाक्य सुरू करतात, हिंदीत संपवतात, आणि त्यांच्या आयांना त्यात काही वावगं वाटत नाही. मी मात्र हट्टाला पेटले होते. आमचे पूर्वज शिंदेशाहीच्या फौजेबरोबर इथं आले, तेव्हापासून घरात दुसरं काही टिकलं नाही तरी हा शब्द टिकला आहे, तो माझ्या हातून जाणार नाही. जुईनं चुकून मम्मी म्हटलं तर मी ओ देत नसे.

तर त्या क्लिनिकमध्ये लाकडाची एक केबिन होती, तिला काचेची खिडकी. जुईला आत बसवून तिच्या कानांवर हेडफोन चढवले. तपासणारा तरुण भला होता, घाईत होता. तो यंत्रावरून बारीक शिटी सोडायचा आणि भुवया उंचावून हिंदीत विचारायचा, आवाज आला का, म्हणजे, "आवाज आई?" जुईला हिंदी पाण्यासारखं येतं, पण घाबरली की तिचे कान मराठी होतात. त्यातून शिटी वाजतेय त्या कानाला काहीच कळत नव्हतं, काचेपलीकडच्या माणसाच्या ओठांवर एवढाच शब्द दिसत होता, आई? ती मान वळवून खिडकीतून माझ्याकडे बघायची. मी होतेच. ती समाधानानं म्हणायची, "आई." तो कागदावर खूण करायचा.

कागद छान आला. किंचित कमी आहे, सर्दीमुळे असेल, काळजीचं कारण नाही. मला एवढा हर्ष झाला की दुसऱ्या दिवशी आम्ही तिला मेळ्यात नेलं. आकाशपाळण्यात बसवलं, थंडीत सॉफ्टी खाऊ घातली, हातभर लांबीचा पापड तिच्या डोक्यावर छत्रीसारखा धरून फोटो काढले. त्या फोटोंत मी फार खूश दिसते. ते फोटो मी अजून कुणाला दाखवत नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, मंजूताई आली. मंजूताई म्हणजे माझी नणंद, जुईची आत्या. सिटी सेंटरला बँकेत आहे, एकटी राहते, आणि तिचा आवाज असा आहे की बँकेत तिच्या काउंटरवर काय चाललंय हे बाहेरच्या पहारेकऱ्यालाही समजतं. जुईच्या बारशाला पाळण्यात वाकून तिच्या कानात नाव सांगितलं ते हिनंच, आणि बायकांनी रीतीप्रमाणे पाठीत धपाटे घातले तेव्हा 'कुर्र' केलं तेही हिनंच. इतर आत्या त्या दिवसावर थांबतात. ही थांबली नाही. दर भेटीला तिनं जुईला मागून धरायचं, डाव्या कानाला ओठ लावायचे आणि 'कुर्र्र' करायचं. जुईनं खांदा वर घेऊन खिदळायचं. सात वर्षं हे चाललं होतं.

त्या रविवारी छतावर धूप, म्हणजे ऊन, खात आम्ही बसलो होतो. ताईनं मागून येऊन कुर्र केलं. जुईनं खांदा वर घेतला, पण खिदळली नाही. वळून तिनं विचारलं, "आत्या, आज नुसती फूंक मारलीस? कुर्र कुठंय?"

ताईनं माझ्याकडे बघितलं. मग तिनं जुईचा उजवा कान तळव्यानं घट्ट झाकला, दुसऱ्या कानाशी तोंड नेलं आणि बारशाच्या दिवशी सांगितलं तसं तिला तिचं नाव सांगितलं. जुई वाट बघत राहिली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, सांग ना, काय सांगणार होतीस? शेजारच्या छतावर कुणी तरी गादी झोडपत होतं, तेवढा एकच आवाज होता.

सोमवारी मोठ्या डॉक्टरांकडे तपासणी नव्यानं झाली. आता बोलायचं नाही, आवाज आला तर हात वर करायचा, असं ठरवून दिलेलं. उजव्या कानासाठी हात भराभर वर जात राहिला. डाव्याच्या वेळी तो मांडीवरून उठलाच नाही. डॉक्टरांनी इंदरगंजचा कागद बाजूला ठेवून विचारलं की हे असं कसं? जुईनंच त्यांना सांगितलं की ते भैया सारखे आईबद्दल विचारत होते. डॉक्टर आग्र्याकडचे. त्यांना समजायला मिनिट लागलं. मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि सांगितलं की कान असा अचानक जातो तेव्हा दिवस महत्त्वाचे असतात. गोळ्या आजच सुरू करू, आणि त्यांच्या जोडीला ऑक्सिजनच्या दाबाच्या खोलीतले वीस डाइव्ह. काहींचं येतं, काहींचं थोडं येतं, काहींचं येत नाही, शब्द देता येणार नाही.

परतताना स्कूटरवर हेमंत, म्हणजे जुईचा बाबा, म्हणाला, "मम्मी म्हणत असती तर दोन दिवस वाचले असते." बोलून मोकळं व्हायचा त्याचा स्वभाव आहे. मी आठवडाभर त्याच्याशी कामापुरतंच बोलले, कारण तो खरं बोलला होता.

आणि तरीही, सांगायला लाज वाटते, पण ते पुढचे वीस दिवस मी अशा उत्साहात होते की तसा उत्साह मला लग्नातही नव्हता! काही तरी करण्यासारखं होतं ना. सकाळी आठला कोहऱ्यातून स्कूटरवर तिघं, मध्ये जुई, सिटी सेंटरकडे. ती खोली पाहिली मात्र, जुई सगळं विसरली. पांढरी, आडवी, फुगीर लोखंडी टाकी, गोल जाड खिडक्या, चाकाचं दार. ज्या गावानं समुद्र सोडाच, भरून वाहणारी नदीही पाहिलेली नाही, त्या गावात पाणबुडी! आत हवेचा दाब वाढवत नेतात आणि मुखवट्यातून शुद्ध प्राणवायू देतात, म्हणजे रक्तावाटे तो आतल्या कानापर्यंत जास्त पोचतो, असं आम्हाला समजावलं होतं. खोल पाण्यात चाळीसेक फूट गेल्यासारखा तो दाब, म्हणूनच प्रत्येक बैठकीला ते डाइव्ह म्हणत. जुई शाळेत सांगून आली की ती रोज समुद्रात जाते. बाईंनी मला फोन करून खात्री करून घेतली.

नियम कडक होते. आत ठिणगीला बंदी, म्हणून लोकर नाही, नायलॉन नाही, फक्त सुती. डोक्याला तेल नाही, क्रीम नाही, घड्याळ नाही, मंगळसूत्रसुद्धा बाहेर. जानेवारीत ग्वाल्हेरला सकाळी स्वेटर उतरवून सुती झग्यात उभं राहायचं म्हणजे काय, ते इथल्या माणसालाच कळेल. आम्ही दोघी कुडकुडत आत शिरायचो. मुलाबरोबर एकाला आत बसू देत, आणि ती एक मीच, हे मी कुणाला विचारलंही नव्हतं.

आत आणखी एक जण असत, भिंडचे निवृत्त सुबेदार. साखरेमुळे पायाची जखम भरत नव्हती. मिशा एवढ्या की मुखवटा नीट बसेना, आणि मिशा कापायला ते तयार नाहीत. दार बंद झालं की हिस्स करत हवा भरू लागायची, खोली गरम व्हायची, आणि कानांना दडे बसायला लागायचे. गिळत राहायचं, नाही तर कान दुखतो. पहिल्या दिवशी जुईला भीतीनं गिळताच येईना. डोळ्यांत पाणी आलं, मी बाटली पुढे केली तर तोंड घट्ट मिटलेलं. तेव्हा सुबेदारांनी मुखवटा खाली ओढला आणि एक जांभई दिली. अशी जांभई मी आजवर पाहिली नाही. दाढेपर्यंत तोंड उघडून, हात ताणून, शेवटी हुंकार देऊन. मला आली. मग जुईला आली, नको नको म्हणताना आली, आणि तिचा कान टक्कन सुटला. त्या दिवसापासून पाणबुडी खाली जाताना आम्ही तिघं एकमेकांना जांभया देत बसायचो. बाहेरून खिडकीतून बघणाऱ्या हेमंतलाही यायच्या.

'आई'ची गोष्ट मी सुबेदारांना सांगितली, ही चूकच झाली. बाहेरून यंत्र चालवणाऱ्या चालकानं स्पीकरवर विचारलं की अंदर आवाज आई क्या, की ते माझ्याकडे बोट दाखवून गंभीरपणे सांगायचे, आई यहीं बैठी है. रोज. विनोद जुना झाला की माणसं थांबतात असं मला वाटत होतं. फौजेत तशी पद्धत नसावी.

वर येताना हवा एकदम थंड व्हायची आणि खोलीत धूर भरल्यासारखं व्हायचं. आतसुद्धा कोहरा! दोन मिनिटं सुबेदारांच्या मिशाही दिसायच्या नाहीत. दार उघडून बाहेर यायचं तर रस्त्यावर तोच. मला ते दिवस एकाच लांब पांढऱ्या सकाळीसारखे आठवतात, तिच्यात माझ्या हातात एक छोटा गरम हात होता.

मी मुळात उतावळी. हेमंत मला पाठीमागे 'उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग' म्हणतो. दुसऱ्या डाइव्हनंतर मी भांडी वाजवून बघितली. तिसऱ्यानंतर टाळ्या. चौथ्यानंतर कुकरच्या शिट्टीला तिला पाठमोरी उभी करून विचारलं की कुठल्या बाजूला? ती बोट दाखवायची, बहुतेक चुकीच्या बाजूला, मग माझा चेहरा बघून दुसऱ्या बाजूला दाखवायची. पाचव्या दिवशी ताईनं मला स्वयंपाकघरात नेऊन दार लोटलं. पोरगी कान नाही, तुझा चेहरा वाचतेय, म्हणाली. आजपासून तपासायचं मी, तेही दिवसातून एकदाच, आणि तू त्या वेळी दुसऱ्या खोलीत. मी मान्य केलं, आणि दाराला कान लावून उभी राहू लागले.

ताई बँकेतून थेट यायची. उजव्या कानावर तळवा, डाव्या कानात कुर्र. फूंक, आत्या. दुसऱ्या दिवशी, फूंक. सहा झाले, सात झाले, आठ झाले, फूंकच. नवव्या डाइव्हच्या संध्याकाळीही मी दाराला कान लावला होता. मग जुईचा विचारी आवाज आला, "कुर्र नाही... पण आत्या, घर्र झालं कुठं तरी. दूर. नळ येतो ना तसं." ताईनं मोठ्यानं काही म्हटलं नाही, हे तिच्या बाबतीत आश्चर्यच. ती दार उघडून आली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली. पाण्याला नळाशी येताना आधी नुसती हवा घरघरते, हे ग्वाल्हेरात कोण नाही जाणत? मी त्या रात्री पाऊण किलो रेवड्या वाटल्या. शेजाऱ्यांनी कारण विचारलं तर नळ आला म्हणाले.

बाराव्या दिवशी संक्रांत होती. ताईनं जुईसाठी काळ्या सुती कापडाचा फ्रॉक शिवून आणला, म्हणजे नियमही पाळला गेला आणि सणही. दाराबाहेर मी सुबेदारांच्या हातावर तिळगूळ ठेवला, मग त्यांची साखर आठवून जीभ चावली. त्यांनी लाडवावरून एकच तीळ नखानं काढला, तोंडात टाकला, उरलेला चालकाला दिला आणि जुईला विचारलं की आता काय म्हणायचं असतं? गोड गोड बोला, जुईनं शिकवलं. ते वाकून तिच्या डाव्या कानाशी काही तरी बोलले. काय म्हणाले ते तिला ऐकू आलं नाही, मिशा टोचल्या एवढंच कळलं. पण तिनं त्यांना सांगितलं की ऐकू आलं. माझ्यासमोर माझी मुलगी पहिल्यांदा कुणासाठी तरी खोटं बोलली, आणि मी तिला रागावले नाही.

मग विसावा डाइव्ह झाला आणि तपासणीचा दिवस आला. नळ घरघरत होता, पण पाणी किती आलंय हे कुणालाच माहीत नव्हतं. घरी गुणगुणल्यासारखं काही तरी तिला कळायचं, शब्द कळत नसत. रस्त्यात तिला कोहऱ्यातून येणारी गाडी डावीकडून कळेल की नाही, वर्गात डावीकडे बसलेल्या मुलीची कानगोष्ट तिला आयुष्यात कधी कळेल की नाही, हे सगळं त्या एका केबिनमध्ये ठरणार होतं. मला दुसरंही एक भय होतं. ती पुन्हा मला खूश करायला बघेल. म्हणून मी डॉक्टरांना सांगितलं की मी तिला दिसणार नाही अशा जागी थांबते. केबिनच्या डाव्या बाजूला फायलींचं कपाट होतं, त्याच्या आडोशाला मी उभी राहिले. हेमंतनं माझी पर्स धरली होती. ती दोन्ही हातांनी धरली होती.

तपासणाऱ्या बाईंनी उजव्या कानात खळखळाट सोडून तो कान बंद करून टाकला आणि डाव्यात शिट्या सुरू केल्या. मला केबिनमधलं दिसत नव्हतं, फक्त बाईंचं पेन दिसत होतं. जाड आवाजाला पेन हललं. त्याहून बारीक, पेन हललं. आणखी बारीक, हललं! मग अगदी बारीक शिट्यांना ते नुसतं कागदावर टेकून राहिलं, एकदा, दोनदा, तीनदा. डासाची गुणगुण आणि पैंजणाची किणकिण तिला त्या कानानं आजही येत नाही. त्या वेळी मात्र मला तेवढंच दिसलं.

मग बाई म्हणाल्या की आता बोलून बघू. त्यांनी ओठ दिसू नयेत म्हणून तोंडापुढे कागद धरला आणि माइकमध्ये, जेमतेम ऐकू येईल असं, विचारलं, "आवाज आई?"

खिडकीत मी नव्हते. ओठ दिसत नव्हते. हेमंतनं माझ्याकडे बघितलं आणि मी कपाटाचा कोपरा धरला.

"आई," जुई म्हणाली.

सात वर्षं त्या शब्दावर मी मालकी सांगत आले होते. त्या दिवशी तिनं तो अस्सल हिंदीत उच्चारला, त्याचा माझ्याशी काडीचा संबंध नव्हता, आणि मी तोंडात पदर कोंबून रडत होते. हेमंत माझ्या पाठीवर पर्सनंच थोपटत होता. मम्मी म्हणत असती तर हे सुख मिळालं असतं का, असं मी त्याला पुढे अनेकदा विचारलं आहे. तो हात जोडतो.

केबिनचं दार उघडलं. जुई हेडफोननं विस्कटलेले केस घेऊन बाहेर आली आणि मला शोधू लागली. मला गप्प उभं राहायचं होतं, ताईला तसं कबूल केलं होतं, पण मी मुळात उतावळी. कपाटाआडून, हलक्या आवाजात, मी तिचं नाव घेतलं.

ती सरळ डावीकडे वळली.

"आई," ती म्हणाली, आणि या वेळी ती मी होते.